मधातून दिलेली कॅप्सूल

९ नोव्हेंबर, रविवार

लिहायला घेतलं, कारण आज चिंचणीच्या घरात एक प्रश्न विचारला आणि चार माणसांनी चार उत्तरं दिली. उद्या पालघरला दवाखान्यात फोन करायचा, तर उत्तर एकच हवं.

प्रश्न: वसंताची कॅप्सूल रोज कोण देतं आणि कशी?

वसंता, माझा धाकटा भाऊ, ज्याचं औषध तोच: "मीच घेतो की, ताई." त्याची बायको कमळ: "जेवल्यावर मीच देते." मुलगा नीलेश: "मी सेकंड शिफ्टला असतो, मला काय विचारतेस?" सून ऋतुजा गप्प.

विचारलं, कारण मोरीच्या जाळीवर कॅप्सूलच्या दोन रिकाम्या टोप्या अडकलेल्या दिसल्या. पोटात गेलेल्या कॅप्सूलच्या टोप्या मोरीत येत नाहीत.

शेवटी ऋतुजा बोलली. "मी देते, आत्या. बाबांच्या घशात अडकते, ठसका लागतो. म्हणून उघडून मधात कालवते. चाटण करून."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

कशी उघडते ते तिने दोन बोटांनी करून दाखवलं. शेंग सोलावी तसं. आत चिकटलेलं टिचकी मारून पाडते. कमळ कौतुकाने म्हणाली, "सासूबाईंना वैद्यांच्या पुड्या आमी अशाच द्यायचो. ही तर वाटी बोटानं निपटून चाटवते. कण वाया नाय."

बोटाने निपटून.

वसंताला मायलोमा आहे. हाडांच्या आत रक्त तयार होतं तिथला कॅन्सर. कॅप्सूल तीन आठवडे रोज, मग एक आठवडा खाडा, मग पुन्हा. सुरू केली तेव्हा पालघरला मी सोबत होते. नर्सने बजावलं होतं: अख्खी गिळायची. उघडायची नाही, चावायची नाही. आणि घरातल्या गरोदर बाईने, किंवा जिला दिवस राहू शकतात तिने, हात लावायचा नाही. पोटातल्या बाळाच्या हातापायांवर जाऊ शकतं असलं हे औषध आहे. घरी येऊन मी सगळं सांगितलं होतं. पडवीत बसून, वसंताला आणि नीलेशला. बायका आत भाकऱ्या करत होत्या.

आज पुन्हा सांगितलं, सगळ्यांना, मोठ्याने. मग ऋतुजाला सरळ विचारलं, "तुझं काही आहे का? असेल तर आत्ता सांग." शेजारची सुमन ताक न्यायला आली होती, ती पातेलं धरून उभीच राहिली.

"नाही, आत्या."

कमळ: "काय वन्सं! असं विचारतात का कुणाला?"

विचारतात.

मधाची बाटली, वाटी, चमचा मीच हातमोजे घालून बाजूला काढलं. ऋतुजाला साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले. तिने दोनदा धुतले. मी सांगितलं नव्हतं तरी.

१० नोव्हेंबर

फोन लागला. नर्स समजूतदार, पण बोलणं चटचट. म्हणाली, पावडर अंगाला लागली की लगेच साबण-पाणी. उघडून दिली तर किती पोटात गेली तेही सांगता येत नाही. "यापुढे पेशंटनेच स्वतः पाकिटातून काढून घ्यायची. आणि घरात कुणी गरोदर?"

"नाही. विचारलंय."

"नक्की?"

मी म्हटलं, नक्की.

११ नोव्हेंबर

बोईसरहून सकाळीच चिंचणीला. वसंताला गिळायला शिकवणे हा कार्यक्रम. माझी व्हिटॅमिनची कॅप्सूल पाण्याच्या पेल्यात टाकून दाखवली. तरंगली. "बघ. हलकी असते. तू मान मागे टाकतोस, पाणी घशात जातं, ही पुढे तरंगत राहते. मान पुढे वाकव, हनुवटी छातीकडे, मग गिळ."

"जल्माचा वर बघून पितो मी."

"लहानपणी चिकूची बी गिळली होतीस अख्खी. झाड येईल पोटात म्हणून आई रडत बसली होती. तेव्हा नाही अडकली?"

"तेव्हा तू मागं उभी नव्हतीस ना, ताई."

आधी वाटाण्याच्या दाण्याने. मग व्हिटॅमिनची. तिसऱ्या खेपेला गेली. स्वतःवर इतका खूश की बाहेर जाऊन सुमनच्या नवऱ्याला सांगून आला.

नवी पद्धत: पाकीट त्याच्या खोलीत, पत्र्याच्या डब्यात, वरच्या फळीवर. जेवण झालं की तोच काढणार, तोच घेणार. बाकी कुणी डब्याला हात लावायचा नाही. कमळनेसुद्धा नाही, मग भांडण नको.

कमळ: "आता नवऱ्याला औषध द्यायचं पण नाय?"

"पाणी दे."

१६ नोव्हेंबर

सकाळी सात वाजता वसंताचा फोन. काल कुणाच्या तरी हळदीला गेला, कॅप्सूल राहिली. आता दोन घेतो म्हणे.

दोन नाही. कधीच नाही. नर्सने सांगितलंय: अर्धा दिवस उलटला नसेल तर राहिलेली एक घ्यायची, त्याहून जास्त झालं असेल तर ती सोडायची आणि रोजच्या वेळेला रोजची. रात्री नऊची वेळ, आता सात. "एक घे. रात्री नेहमीची."

"फवारणी चुकली तर दुसऱ्या खेपेला डबल मारतो आमी."

"तू चिकूचं झाड नाहीस."

हसला. बरं वाटतंय त्याला एकंदरीत. पाठीचं दुखणंही कमी म्हणतो. पहिल्या रिपोर्टच्या मानाने आताचा चांगला आहे, औषध लागू पडतंय असं डॉक्टर म्हणाले होते. हे विसरायला नको.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी बेल वाजली. दारात ऋतुजा, एकटी. बोईसरला एकटी ती सहसा येत नाही. हातात भाजीची रिकामी पिशवी.

बस म्हटलं. बसली नाही.

"आत्या, हाताला लागलेली पावडर किती दिवस राहते?"

मला कळलं. विचारावंही लागलं नाही, पण विचारलं. दुसरा महिना संपत आलाय. घरात पट्टीवर बघितलं, दिवाळी झाल्यावर लगेच.

म्हणजे नऊ तारखेला ती माझ्यासमोर उभी होती तेव्हा तिला माहीत होतं.

"मग नाही का म्हणालीस?"

"सुमनकाकू होत्या. नीलेश होते, बाबा होते. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत. हो कशी म्हणणार?" मग म्हणाली, "आईंनी सांगितलं होतं, तीन महिने कुणाला बोलायचं नाही. गेल्या वर्षी लवकर सांगितलं आणि..."

गेल्या वर्षीचं मला माहीत आहे. दोन महिन्यांचं गेलं होतं. तेव्हा अख्ख्या आळीला पेढे वाटले होते वसंताने.

म्हणजे कमळलाही माहीत होतं. चाटण करताना कमळ शेजारीच उभी असायची.

ऋतुजाला चहा दिला. घेतला नाही. दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघत होती. माहेर पॉवर प्लांटच्या कॉलनीत, मूळची जळगावकडची, बी.कॉम. झालेली मुलगी. मी म्हटलं, "धुतल्यावर हातावर काही राहत नाही. आता तिथे काही नाही."

"मग कुठे आहे?"

मी म्हटलं, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. दोघी."

मी आयुष्यभर तारापूरच्या रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये होते. पावडर दिसेनाशी झाली म्हणजे संपली असं नसतं, हे मी नव्या पोरांना ओरडून सांगायचे. तिला सांगितलं नाही.

२२ नोव्हेंबर

आधी पालघरला फोन. नर्सने थेट डॉक्टरांना दिला. मग बोईसरच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे. दोघांचं आपसातही बोलणं झालं, माझ्यासमोर.

पालघरचे डॉक्टर म्हणाले, तिने गिळलेलं नाही. हाताला लागणं, उडालेली धूळ नाकात जाणं, एवढंच. शक्यता लहान आहे. "पण शून्य म्हणणार नाही मी." महिन्यातले कोणते दिवस, मधला खाडा कुठे आला, वाटी निपटताना बोट तोंडात घातलं का, सगळं विचारलं.

ऋ.: "एकदा. मध होता म्हणून. आठवत नाही. एकदा असेल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं.

वाईट हे, की सगळ्यात नाजूक आठवडे तेच आहेत. चांगलं हे, की नऊ तारखेपासून बंद आहे.

"ठेवायचं ना?" ऋ.ने विचारलं. आवाज इतका साधा, दुकानात विचारावं तसा.

बाई म्हणाल्या, "आज घाईने काही ठरवायचं कारण नाही. डिसेंबरात एक सोनोग्राफी, हातपाय दिसायला लागतात. मग फेब्रुवारीत मोठी, सगळे अवयव नीट बघू. काही दिसलं तर तेव्हा बोलू. निर्णय तुमचा दोघांचा. सासरच्यांचा नाही, आत्याबाईंचा नाही." शेवटचं माझ्याकडे बघून.

बरोबर बोलल्या.

बाहेर आल्यावर ऋ. म्हणाली, "ठेवणार आहे मी." एवढंच. मग म्हणाली वडापाव खायचाय. दोन खाल्ले.

२३ नोव्हेंबर, रविवार

चिंचणी. नीलेशला ऋ.ने रात्रीच सगळं सांगितलं होतं. डोळे सुजलेले, तरी रविवारचा बाजार करून आला होता बिचारा.

कमळला मी आत नेलं. तिच्यावर ओरडायचं ठरवून गेले होते. ती चुलीपुढे बसलेली.

"वन्सं, तुमी पडवीत बोललात तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. बाळाचं काय बोललात ते मला ऐकूच नाय आलं. आणि त्या दिवशी बोललात तेव्हा..." थांबली. "तेव्हा वाटलं, आता बोलले तर नजर. नाय बोलले तर औषध. मला वाटलं नजर मोठी."

ओरडले नाही. तिच्या जागी तिचा हिशोब चुकला नव्हता. गेल्या वर्षीचं दुःख तिनेच उपसलं होतं, मोरीत बसून ऋतुजाचे कपडे धुताना.

वसंताला सांगायचं नाही असं नीलेश म्हणत होता. मी म्हटलं, या घरात न सांगण्याने काय झालं ते बघतोयस ना. सांगितलं.

वसंता उठून वाडीत गेला. संध्याकाळी मी निघताना फळीवरचा डबा काढून माझ्या हातात दिला.

"घेऊन जा, ताई. माझ्या घरात नको ते."

"तुझं औषध आहे."

"माझ्या औषधानं पोराच्या लेकराला... मी नाय घेत. साठी उलटली माझी. खाल्लं, पिकवलं, इकलं. त्याचं अजून डोळं उघडायचं हायेत."

डबा परत फळीवर ठेवला. रात्री घेतली नाही. कमळचा फोन.

२५ नोव्हेंबर

काल नाही. आज नाही. या फेरीचा आज शेवटचा दिवस होता. उद्यापासून आठवडाभर खाडा, मग नवी फेरी. नवी सुरू करायच्या आधी रक्त तपासायला जायचं असतं. जाणार नाही म्हणतो.

फोनवर मी नेहमीसारखी बोलले. शिस्त, नियम, पुढे काय होईल. सगळं ऐकून म्हणाला, "तुझं बरोबर हाय, ताई." आणि ठेवला. त्याच्याशी भांडता येत नाही. लहानपणीसुद्धा तो मार खाऊन घ्यायचा आणि मग हवं तेच करायचा.

पालघरला कळवलं. डॉक्टर म्हणाले राहिलेल्या राहिल्या, भरून काढायच्या नाहीत. पण पुढची फेरी चुकवू देऊ नका. हा आजार गप्प बसलेला असतो, गेलेला नसतो.

२९ नोव्हेंबर

गेले होते. वसंता शिडीवर. हातात झेल्याची जाळीदार काठी, चिकू उतरवतोय. या हाडांनी. खाली उतर म्हटलं तर म्हणतो, "गोळी नाय तर काम तरी करू दे."

नीलेश रडला आज माझ्यासमोर. "आत्या, एकीकडे बाप, एकीकडे बाळ. मी काय करू सांग."

एकीकडे-दुसरीकडे असं नाहीच आहे हे. कॅप्सूल वसंताच्या पोटात जाण्याने बाळाला काही होत नाही. ती कुणाच्या हातातून जाते त्याने होतं. एवढी एक गोष्ट. ती मी चार वेळा समजावून सांगितली. पटते सगळ्यांना. वसंतालाही पटते. घेत नाही.

२ डिसेंबर

आज सकाळी कमळने त्याला गाडीत बसवून रक्त द्यायला नेलं. कसं नेलं विचारलं तर म्हणाली, "रडले." हे मला कधी जमलं नसतं.

रिपोर्ट ठीक. उद्यापासून सुरू करायला हरकत नाही. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

३ डिसेंबर, बुधवार

संध्याकाळी मुद्दाम गेले. जेवणं झाली. पाण्याचा तांब्या भरून कमळने ठेवला. वसंता भिंतीला टेकून बसलेला. डबा फळीवर. कुणी कुणाकडे बघेना.

ऋतुजा उठली. मला वाटलं खोलीत निघून जातेय. ती पडवीतून खाली उतरली, अंगण ओलांडून पार फाटकापाशी गेली आणि तिथून हाक मारली.

"बाबा! मी इथे आहे. आता घ्या."

वसंता हलला नाही.

"बाबा, डास चावतायत. लवकर घ्या."

कमळ हसली आणि पदर तोंडाला लावला. सुमन कुंपणापलीकडून, "काय गं ऋतुजा, काय घेतात?" "औषध घेतात, काकू! कॅन्सरचं! मी पोटुशी आहे म्हणून लांब उभी आहे!"

गेलं ते तीन महिने न बोलणं. गेली नजर. अख्ख्या आळीने ऐकलं.

वसंता उठला. डबा काढला, पाकीट फोडलं, मान पुढे वाकवली. गिळली. मग पेला धुतला, हात धुतले, डबा जागेवर. सगळं मी शिकवलं तसं, एकही चूक नाही. दारात जाऊन म्हणाला, "घेतली गं बाय. ये आत."

"तोंड उघडून दाखवा आत्यांना!"

दाखवलं.

९ डिसेंबर

रोज होतंय म्हणे. ती फाटकाशी, तो आत. "घेतली?" "घेतली." सुमनही कुंपणावर येऊन उभी राहते. एक दिवस ऋ. माहेरी गेली होती तर सुमननेच ओरडून विचारलं.

इतक्या लांब जायची खरं तर गरज नाही, बंद पाकीट घरात असल्याने काही होत नाही. बोलले नाही. जाऊ दे.

१४ डिसेंबर

चोरचोळी. तिसऱ्या महिन्यात सुनेला गुपचूप हिरवी चोळी देतात ती. कमळ म्हणाली, आता चोरून काय राहिलंय, तरी द्यायची. मी बोईसरहून खण आणला. ओटी कमळने भरली. 

ऋ. माझ्या कानात: "आत्या, तुम्ही आता विचारा तो प्रश्न. हो म्हणते."

आगाऊ आहे.

२० डिसेंबर, शनिवार

सोनोग्राफी. मला आत घेतलं, नीलेशलाही. काळ्या पडद्यावर पांढरं काहीतरी वळवळतंय. बाई बोट ठेवून दाखवत होत्या. हे डोकं. हा पाठीचा कणा. हे पाय, दोन, लांबी ठीक. हा एक हात. कोपर, मनगट, बोटं पसरलेली. दुसरा हात आहे, लांबीही ठीक, पण मूठ मिटलेली. बाईंनी पोटावर दाबून बघितलं, ऋ.ला कुशीवर वळवलं, थोडं चालून यायला सांगितलं. मूठ उघडली नाही.

"मूठ मिटणं चांगलंच असतं," बाई म्हणाल्या. "बोटं पुढच्या वेळी बघू. हृदय, कान हेही तेव्हाच. आज जे दिसलं ते चांगलं आहे."

नीलेशने बापाला फोन लावला. "दोन हात, दोन पाय, बाबा." पलीकडून वसंताचा आवाज: "बोटं?"

"एका हाताची दिसली."

"दुसऱ्याची?"

नीलेशने फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, "तुझ्यासारखा हट्टी आहे. दाखवत नाही."

बाहेर आल्यावर नीलेश "हट्टी मुलगा की हट्टी मुलगी?" म्हणायला गेला आणि ऋ.ने त्याला गप्प केलं. काय असेल ते असो म्हणाली. सगळं असो म्हणजे झालं.

७ जानेवारी

कमळचा फोन दुपारी. वसंताची डावी पोटरी सुजलीय, चार दिवस झाले. चार दिवस! लेंग्याखाली लपवत होता. शिडीवर उभं राहून झालं म्हणतो.

या औषधाने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, म्हणून तर रक्त पातळ राहायची गोळी वेगळी आहे. एक पाय सुजणं, पोटरी दुखणं, दम लागणं, छातीत कळ: ताबडतोब दवाखाना. हे मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलंय. त्याच्या डोक्यावरच.

नीलेशच्या मित्राच्या गाडीतून थेट पालघर. वाटेत मी बोलले त्याला. खूप बोलले. तो खिडकीतून बाहेर बघत, "ताई, चिंता नको. आता मी काय उगाच मरत नाय. फाटकात पोरगी उभी असते."

पायाची तपासणी: गुठळी नाही. नुसता मुका मार. देवाची कृपा म्हणणारी बाई मी नव्हे. पण म्हटलं.

१० जानेवारी

सात तारखेलाच काढलेल्या रक्तात मूत्रपिंडाचा आकडा वर गेलेला. डॉक्टरांनी कॅप्सूलची ताकद कमी केली. नवी पाकिटं आली, रंगही वेगळा. जुनी आजपासून बंद. वसंता म्हणतो, उरलेल्या ठेवू, पुढे लागतील. किंवा मुरबे गावात त्याच्या ओळखीचा एक जण आहे, त्यालाही असंच काहीतरी झालंय, त्याला देऊ.

"कुणालाही द्यायच्या नाहीत. फेकायच्याही नाहीत, ना कचऱ्यात, ना मोरीत, ना वाडीत. परत दवाखान्यात."

"चांगलं औषध परत?"

जुनी पाकिटं मी बोईसरला घेऊन आले. बंद पिशवीत, माझ्या कपाटात. दोन रंग एका डब्यात असले की एक दिवस चूक होणारच. पुढच्या खेपेला पालघरला नेऊन देणे.

२५ जानेवारी

बाळ हलतंय म्हणाली ऋ. फोनवर. "डावीकडे मारतं, आत्या. हाताने की पायाने कळत नाही."

मी म्हटलं, कळेल.

फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्याशी उभी होते. दूध उतू गेलं.

३ फेब्रुवारी

कमळने नवस बोललाय. काय ते सांगत नाही. सांगितलं की फळत नाही म्हणे. मागच्या वेळी न सांगण्याने काय झालं ते तिला माझ्याहून जास्त माहीत आहे.

वसंता रोज घेतोय. रिपोर्ट बरा. शिडी मी नीलेशकडून कुलपात टाकवली. तर आता खाली उभा राहून गड्यांना शिव्या देतो.

१० फेब्रुवारी, मंगळवार. पालघर, बाकावर बसून

सकाळी वसंताला डॉक्टरांना दाखवलं. तब्येत स्थिर. हीच ताकद चालू. डॉक्टरांनी विचारलं, कॅप्सूल कोण देतं? वसंता ताठ बसून, "मी स्वतः घेतो. अख्खी. मान पुढं करून." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

मग औषधाच्या खिडकीवर. ऋ. सोबत होती, तिची मोठी सोनोग्राफी पलीकडच्याच इमारतीत, साडेबाराची. नीलेश तिकडे नंबर लावून बसलेला. मी पिशवीतून जुनी पाकिटं काढायला लागले, हातात उन्हाची छत्री, फाइल, पर्स. ऋ.ने हात पुढे केला. "द्या, आत्या, मी धरते पिशवी."

दिली नाही. पर्स दिली.

खिडकीवर दिलं: जुन्या ताकदीच्या कॅप्सूल, एक पाकीट न उघडलेलं, एक अर्धवट. दोन्ही बंद पिशवीत. खिडकीतल्या मुलाने हातमोजे घालून घेतलं, मोजलं, वहीत लिहिलं. नाव वसंताचं, सही माझी.

आता सोनोग्राफीच्या दाराबाहेर. वसंता शेजारी. उठतो, दोन पावलं जातो, परत बसतो. कमळ घरी, तिने यायचं नाही असं नवसात आहे म्हणे. वसंता विचारतो, "आज मूठ उघडेल?" मला काय माहीत. तसं सांगितलं.

"कान पण बघतात म्हणे."

"बघतात."

"ऐकू येतं का ते?"

"ते जन्मल्यावर."

"म्हणजे आजपण सगळं नाय कळणार."

"नाही."

मान हलवली त्याने. मग, अगदी हळू, "रात्रीची घेईन मी. काय पण कळलं तरी."

 मी त्याचा हात धरला असेल बहुतेक.

ऋतुजाचं नाव पुकारलं. उठली. आत जाताना माझ्या हाती दिलं: माझी पर्स, तिची पाण्याची बाटली, ओढणी, हिरव्या बांगड्यांतली एक जी मनगटावर घट्ट होत होती.

दार लागलं.